नांगराची निशाणी

जुने कर्जखत हातात आले की नजर शेवटच्या ओळीवर थांबते. वर मोडीतला मजकूर, सरावलेल्या हाताने सरसर लिहिलेला. खाली कुणब्याच्या नावापुढे एक लहानसा नांगर काढलेला. निशाणी नांगराची. ज्याला अक्षर येत नव्हते त्याची ती सही. वर काय लिहिले आहे ते त्याला वाचता येत नसे, पण त्या चिन्हाने तो बांधला जाई आणि त्याच्या मागे त्याची पोरेही.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे या बाजारगावात असे कागद पेटले. आसपासच्या गावांतून जमलेले शेतकरी सावकारांच्या दुकानांत शिरले. कापड आणि धान्य लुटले गेले, एक घरही जळाले. पण जमावाची खरी मागणी एकच होती : खते बाहेर काढा, वह्या बाहेर काढा. त्या हाती आल्या की आगीत जात. पुढच्या दोनेक महिन्यांत पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या तीसेक गावांत हेच घडले. ज्या सावकाराने निमूटपणे खते दिली, त्याच्या अंगाला सहसा कुणी हात लावला नाही.

इंग्रजी दप्तरात या घटनेला ‘दख्खनचे दंगे’ हे नाव पडले. पण हे बंड कर्जाविरुद्ध होते असे मानणे चूक ठरेल. पावसाच्या भरवशावरच्या या मुलखात बिनकर्जाचा शेतकरी कधीच विरळा. बी-बियाणे, बैल, लग्नकार्य, दुष्काळातले पोट, सगळ्याला उसनवार लागे. धान्य सवाई-दिढीने घ्यायचे आणि सुगीला फेडायचे, ही रीत जुनीच. तिला एक कुंपणही होते : दामदुपट. व्याज मुद्दलाहून जास्त व्हायचे नाही. सावकारालाही पुढच्या वर्षी तेच कूळ हवे असे, म्हणून तो ताणायचा, पण तुटू द्यायचा नाही. देहूच्या तुकोबांचे घराणेही महाजनकीचे. १६३०च्या दुष्काळानंतर त्यांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. तिथे खते बुडवणारा धनको स्वतः होता. सुप्यात ती जाळायला ऋणको आले.

मधल्या काळात काय बदलले? शेतसारा रोकड झाला. पाऊस पडो न पडो, ठरल्या दिवशी तो भरायचा. आणि सावकाराच्या मागे दिवाणी कोर्ट उभे राहिले. खत दाखवले की हुकूमनामा मिळे, हुकूमनाम्यावर जमीन जाई. कागदामागची हकीकत काय, हे न्यायाधीश विचारत नसे.

१८५९च्या मुदतीच्या कायद्याने तर उफराटेच केले. खत तीन वर्षेच ग्राह्य धरायचे, म्हणजे व्याज साचणार नाही, असा त्यामागचा हेतू. सावकाराने दर तीन वर्षांनी नवे खत लिहून घ्यायला सुरुवात केली आणि साचलेले व्याज मुद्दलात घातले. दरसाल शेकडा २४चा दर धरा. १०० रुपयांचे तीन वर्षांनी १७२, सहा वर्षांनी सुमारे २९६, नऊ वर्षांनी ५०९. दर वेळी खाली नवा नांगर. पुढे दंग्यांच्या चौकशी आयोगाला असेही प्रकरण सापडले की १०० रुपयांच्या कर्जावर २,००० रुपयांहून अधिक व्याज आकारले होते.

त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना इकडचा कापूस हवासा झाला. १८६१ ते १८६५ या काळात शेतकऱ्याला मागेल तेवढी उचल मिळत होती. युद्ध संपले, भाव कोसळले, उचल थांबली. १८६७ साली, नेमक्या त्याच वेळी, इंदापूरपासून साऱ्याची फेरआकारणी सुरू झाली. काही ठिकाणी तो ५० ते १०० टक्के वाढला.

आयोगापुढे आलेला १८७३चा एक भाडेपट्टा वाचताना आजही घशाशी आवंढा येतो. कर्जापोटी शेतकऱ्याने लोखंडी आसाच्या आपल्या दोन गाड्या आणि चार बैल सावकाराला विकले. त्याच कागदावर तेच बैल आणि त्याच गाड्या त्याने दरमहा चार रुपये भाड्याने परत घेतल्या. वर कबुली अशी की, सावकाराच्या हातची पावती नसेल तर भाडे दिल्याचा दावा मी करणार नाही. काल गोठ्यात आपले म्हणून बांधलेले जनावर, आज त्याच दाव्याला, पण भाड्याचे!

मग १८७४च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावी कालूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुखांवर हुकूमनामा मिळवला आणि १५० रुपयांच्या येण्यापोटी त्यांचे घर पाडले. डोळ्यांदेखत आढे-वासे उतरताना पाहून गाव चिडले. प्रथम सावकारांवर बहिष्कार पडला. पाच महिन्यांनी सुपे पेटले.

१८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा झाला. खताच्या मागे जाऊन कर्जाचा मूळ इतिहास तपासायचा अधिकार कोर्टाला मिळाला. कर्जासाठी कैद बंद झाली. सावकाराने पावती आणि हिशेब देणे बंधनकारक ठरले. न्यायमूर्ती रानड्यांनी या कायद्याखाली न्यायदानाचे काम केले. पण जुलमी कर्ज रोखले तरी बरे कर्ज आणायचे कुठून, हा प्रश्न उरलाच. सनदी अधिकारी विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना मांडली. मुंबई आणि हिंदुस्थान सरकारने ती उचलली, लंडनने फेटाळली. ती मंजूर झाली असती, तर दोन पिढ्यांचे हाल कदाचित वाचले असते.

वाट निघाली ती दंगे झालेल्या अहमदनगर जिल्ह्यातच. १९२३ साली लोणी बुद्रुकला विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी पतपेढी काढली. कर्ज देणारे गावचे, घेणारे गावचे, वही सगळ्यांपुढे उघडी. त्याच विखे पाटलांनी पुढे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या साथीने शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमवले आणि १९५० साली प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा केला. सुप्याच्या आगीला त्या वर्षी ७५ वर्षे झाली होती.