थकलेले दगड

पेरू देशातील उरुबांबा नदीच्या खोऱ्यातून जाताना ओयांतायतांबो येथे इंकांच्या मंदिराचे अवशेष लागतात. टेकडीवर गुलाबी रायोलाइटचे सहा प्रचंड दगड उभे आहेत; सर्वांत मोठा ५० टनांहून जड. हा दगड मात्र नदीपलीकडच्या डोंगरातला, सुमारे पाच किलोमीटर दूरच्या खाणीतला! इंकांकडे ना लोखंडी हत्यारे होती, ना चाकाची गाडी. मग हे काम परग्रहवासीयांचे, असे सांगणारी पुस्तके हातोहात खपतात.

उत्तर तर वाटेवरच पडले आहे. खाण ते टेकडी या मार्गावर अर्ध्यातच सोडलेले दगड आजही दिसतात. लोक त्यांना 'थकलेले दगड' म्हणतात. १९८० च्या दशकात वास्तुतज्ज्ञ जाँ-पिएर प्रोत्सेन यांनी ते बारकाईने पाहिले. ओढून नेल्याने दगड घासला गेल्याच्या खुणा त्यांना आढळल्या. कठीण गोट्यांनी ठोकून दगड घडवता येतो, हेही त्यांनी स्वतः करून पाहिले. मला विचाराल तर खरे नवल आहे ते गवताच्या दोरांचे आणि ते ओढणाऱ्या शेकडो हातांचे.

पुढे याच मैदानात पाणी सोडून मान्को इंकाने एर्नांदो पिझारोच्या फौजेला परतवले. मंदिर मात्र अपुरेच राहिले.