खाऱ्या हवेत गिटारची तार का खरखरते?

घरी उत्तम वाजणारी इलेक्ट्रिक गिटार तारकर्लीला मुक्कामी आणावी आणि आठवड्याभरात तिच्या तारांनी खरखर सुरू करावी, यात नवल नाही. सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पावसाळा सरला तरी कर्ली नदीच्या मुखाजवळच्या या पट्ट्यात दिवसभर खारे वारे वाहतात. गिटारची मान लाकडाची असते. ती ओलावा शोषून किंचित फुगते व तिचा बाक बदलतो. तारा पोलादाच्या, फार तर निकेलचा मुलामा दिलेल्या असतात. त्यांना मीठ आणि बोटांचा घाम मिळून लवकर गंज चढतो. गंजलेली तार सारख्या जाडीची राहत नाही, त्यामुळे ती नीट सुरातही लागत नाही.

तरीही सर्व दोष हवेच्या माथी मारण्याची घाई करू नये. नको असलेला आवाज नेमका कुठून येतो, हे आधी ठरवावे लागते. त्यासाठी पहिली कसोटी सोपी आहे. गिटार अ‍ॅम्प्लिफायरला न जोडता वाजवून पाहावी. खरखर नुसत्या कानाला ऐकू येते, पण अ‍ॅम्प्लिफायरमधून येत नाही, असे आढळल्यास बहुतेक वेळा काहीही करण्याची गरज नसते. तार पडद्याला ओझरती घासल्याचा आवाज पिकअप फारसा टिपत नाही. अशा निरुपद्रवी आवाजापायी मान पिळत बसून चांगले वाद्य बिघडवणारे हौशी वादक कमी नाहीत.

खरखर दोन्हीकडे ऐकू येत असेल, तर ती मानेवर कुठे होते ते पाहावे. केवळ मोकळी तार छेडल्यावर होत असेल, तर मानेच्या टोकाशी असलेल्या नट या पट्टीतील खाच खोल गेलेली असण्याचा संभव अधिक. पहिल्या चार-पाच पडद्यांवर होत असेल, तर मान गरजेपेक्षा सरळ झाली असावी. एकाच जागी होत असेल, तर त्याच्या पुढचा पडदा वर आलेला असतो. सर्वत्र होत असेल, तर घोडी फार खाली बसवलेली असते.

मानेचा बाक मोजण्यासाठी जाड तार पहिल्या व शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबून धरावी. सातव्या पडद्याच्या माथ्यावर सुमारे पाव मिलिमीटर, म्हणजे साधारण व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट दिसली पाहिजे. फट नाहीशी झाली असेल, तर मानेतील ट्रस रॉड सैल करावा. ती फार मोठी असेल, तर तो घट्ट करावा. एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये, आणि तारा पुन्हा सुरात लावूनच परत मोजावे. रॉड अडला तर जोर करण्याऐवजी कारागिराकडे जाणे स्वस्त पडते. घोडीची उंची ठरवताना सतराव्या पडद्यापासून तारेचे अंतर सुमारे १.६ मिलिमीटर ठेवण्याचा प्रघात आहे.

गिटारवादक ज्या खरखरीपासून सुटका मागतो, तीच सतार-तानपुऱ्यात मुद्दाम घडवली जाते, ही यातील गमतीची बाब. घाटावरच्या मिरजेत कारागीर रुंद घोडीचा माथा कानसेने अशा बेताने घासतात, की कंप पावणारी तार त्याला सतत ओझरती भिडत राहावी. हीच जवारी. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवरील आपल्या निबंधात या घोडीचे भौतिकशास्त्र मांडले होते. मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. गिटारची घोडी मात्र तारेला एकाच बिंदूवर टेकवते. तेथे जवारीला जागा नाही.

काही आवाज वाद्याचे नसून हाताचे असतात. अ‍ॅम्प्लिफायरचा गेन वाढवला की न वाजवलेल्या तारांची बारीक गुणगुणही मोठी होते. त्यावर उपाय उजव्या तळव्याची कड जाड तारांवर टेकवणे आणि डाव्या तर्जनीने शेजारची तार हलकेच स्पर्शून मुकी करणे, हाच. वेढे घातलेल्या तारेवरून बोट सरकवताना होणारी किंचाळी बोट उचलून नेल्यास टळते. नटच्या मागे उरलेला तारेचा तुकडा किंवा ट्रेमोलोच्या स्प्रिंगही घुमतात. तेथे स्पंजची चकती पुरते. पिकअप तारांना फार जवळ असल्यास त्यातील चुंबक तारेला ओढतात आणि वरच्या पडद्यांवर सूर डळमळतो. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरवर शेवटचा पडदा दाबून जाड तारेखाली २ व बारीक तारेखाली १.६ मिलिमीटर अंतर ठेवले जाते.

यानंतर उरते ती विजेची गुणगुण. एकेरी वेटोळ्याचा पिकअप घरच्या ५० हर्ट्झ विद्युतप्रवाहाचा, ट्यूबलाइटचा आणि डिमरचा गोंगाट टिपतोच. तो त्याचा स्वभाव आहे. उलट वेढ्यांची दोन वेटोळी एकत्र बांधून ही गुणगुण रद्द करणारा हंबकर पिकअप गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ च्या सुमारास तयार केला. वायर हलवल्यावर कडकड होत असेल, तर जॅक गंजलेला असतो. नॉब फिरवताना होत असेल, तर कॉन्टॅक्ट क्लीनर वापरावा, स्वयंपाकघरातले तेल नव्हे.

तारांना हात लावताच गुणगुण कमी झाली, तर ते स्वाभाविक आहे. हात लावल्यावर ती वाढली किंवा बोटाला झिणझिणी आली, तर वादन तत्काळ थांबवून मुख्य स्विच बंद करावा. तेथे अर्थिंगचा दोष असतो. स्टोन द क्रोज या ब्रिटिश वाद्यवृंदाचा गिटारवादक लेस हार्वे १९७२ मध्ये स्वॉन्झी येथे कार्यक्रमातच मायक्रोफोनला हात लावून विजेच्या धक्क्याने मरण पावला. यार्डबर्ड्सचा गायक कीथ रेल्फ १९७६ मध्ये घरी गिटार वाजवताना असाच गेला. समुद्रातून ओल्या पायांनी येऊन वाळूवर जनरेटरच्या विजेवर गिटार वाजवणाऱ्यांना हा धोका अधिक आहे. गुणगुण जावी म्हणून तीन पिनांच्या प्लगमधील अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा 'उपाय' कोणी सुचवला, तर तो कधीही करू नये. ईएलसीबी बसवलेल्या जोडणीवरच वाद्य लावावे.

किनाऱ्यावर असेपर्यंत दररोज वादनानंतर तारा वरून-खालून कोरड्या सुती कापडाने पुसाव्यात, गिटार खिडकीशी उभी न ठेवता केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद ठेवावी आणि डाग पडलेली तार ताबडतोब बदलावी.