सुईची वाट : प्रोस्टेट बायॉप्सीचा इतिहास

प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रनलिकेला वेढून असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. ओटीपोटाच्या तळाशी, हाडांच्या आड ती अशी दडलेली असते की पोटावरून हाताला लागत नाही. तिच्यापर्यंत पोचण्याच्या जवळच्या वाटा दोनच. एक मागून, गुदाशयाच्या पातळ भिंतीतून. दुसरी खालून, वृषणाची पिशवी आणि गुदद्वार यांमधल्या शिवणीच्या जागेतून. कर्करोगाची शंका आली की या ग्रंथीचा तुकडा काढून तपासतात, तीच प्रोस्टेट बायॉप्सी. शंभर वर्षांत वैद्यक कधी एका वाटेने गेले, कधी दुसऱ्या. आज बायॉप्सीपूर्वी रुग्णाच्या हाती सूचनांचा जो कागद पडतो, त्यातल्या बहुतेक ओळींमागे या वाटचालीत आलेला एखादा अनुभव आहे.

या ग्रंथीचे वर्णन व्हेनिसचे शरीररचनातज्ज्ञ निकोलो मासा यांनी १५३६ मध्ये केले. तिच्या कर्करोगाची ओळख पटायला मात्र आणखी तीन शतके लागली. १८५३ मध्ये लंडन हॉस्पिटलचे शल्यविशारद जॉन अॅडम्स यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासून सिद्ध झालेला प्रोस्टेटच्या कर्करोगाचा रुग्ण नोंदवला आणि हा आजार अत्यंत दुर्मीळ असल्याचे लिहिले. तो दुर्मीळ वाटण्याची कारणे उघड होती. हा आजार ज्या वयात होतो त्या वयापर्यंत फारशी माणसे जगत नव्हती, आणि जी जगत त्यांच्या ग्रंथीचा तुकडा जिवंतपणी कोणी तपासत नव्हते. लघवी अडली की म्हातारपण म्हणून सोडून दिले जाई.

विसाव्या शतकाच्या आरंभी शस्त्रक्रिया पुढे सरसावली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ह्यू हॅम्प्टन यंग यांनी १९०४ मध्ये शिवणीच्या वाटेने संपूर्ण प्रोस्टेट काढण्याची शस्त्रक्रिया केली. एवढी मोठी शस्त्रक्रिया करण्याआधी रोगाची खात्री हवी, म्हणून त्याच वाटेने चीर देऊन ग्रंथी उघडी करायची आणि तुकडा घ्यायचा, अशी पद्धत यंग यांनी वापरली. म्हणजे निदानासाठीसुद्धा पूर्ण भूल, शस्त्रक्रियागृह आणि रुग्णालयातला मुक्काम आला. चिरेऐवजी सुई वापरण्याचे प्रयत्न न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमध्ये झाले. तिथे बेंजामिन बॅरिंजर यांनी १९२२ मध्ये आणि रसेल फर्ग्युसन यांनी १९३० मध्ये शिवणीतून सुई घालून प्रोस्टेटचा नमुना मिळवल्याचे प्रसिद्ध केले. सुई नेमकी कुठे जाते हे दिसत नसे. गुदद्वारात घातलेले बोट एवढाच काय तो मार्गदर्शक.

बोटाला गाठ लागते ती गुदाशयाच्या भिंतीपलीकडे. मग सुई तिथूनच का घालू नये? १९३७ मध्ये अर्जेंटिनाच्या अॅस्ट्राल्डी यांनी गुदाशयातून बायॉप्सी करण्याची पद्धत मांडली. अंतर कमी आणि नेम अचूक, हे तिचे बळ. पण गुदाशयात जंतूंचा कायम वास असतो, आणि तिथून जाणारी सुई ते जंतू थेट ग्रंथीत आणि रक्तात पोचवू शकते. पेनिसिलीन तेव्हा अजून दवाखान्यांत पोचले नव्हते. या वाटेची सोय आणि तिचा धोका एकाच वेळी जन्माला आले, आणि पुढच्या ऐंशी वर्षांचा वाद याच दोन गोष्टींभोवती फिरत राहिला.

१९६० च्या सुमारास स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतले सिक्स्टन फ्रान्झेन यांनी बोटावर बसणारी नळी तयार केली. तिच्यातून बारीक सुई गुदाशयामार्गे ग्रंथीत नेऊन पेशी ओढून घेता येत. त्रास कमी असल्याने युरोपात ही पद्धत रुजली. अमेरिकेत मात्र वेगळे घडले. मिनियापोलिसच्या व्हेटरन्स रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६६ मध्ये कर्करोगाची प्रतवारी मांडली. ती सुट्या पेशींच्या रूपावर नव्हती. पेशी मिळून ज्या नळ्या बनवतात त्यांची मांडणी किती विस्कटली आहे, यावर ती उभी होती. मांडणी पाहायची तर सुट्या पेशी पुरत नाहीत, सलग तुकडाच लागतो. म्हणून पुढे तुकडा काढणारी जाड सुईच प्रमाण ठरली, आणि आजही रिपोर्टवर ग्लीसन यांचे नाव असते.

१९७० च्या दशकाच्या आरंभी जपानच्या हिरोकी वातानाबे यांनी गुदाशयातून प्रोस्टेटची सोनोग्राफी करून दाखवली. त्यांच्या यंत्रात रुग्ण खुर्चीवर बसे आणि खुर्चीतून वर आलेला प्रोब चित्र घेई. १९८१ मध्ये डेन्मार्कच्या हान्स हेन्रिक होल्म यांनी सोनोग्राफीचे चित्र पाहत शिवणीतून सुई नेली. स्वीडनच्या पेर लिंडग्रेन यांनी त्याच सुमारास स्प्रिंगवर चालणारी बायॉप्सी गन बनवली. आणि १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या हॉज, स्टॅमी आणि सहकाऱ्यांनी ग्रंथीचे सहा भाग कल्पून प्रत्येकातून एक तुकडा घेण्याची शिस्त घालून दिली. गाठ लागली तिथेच टोचायचे, ही पद्धत मागे पडली. सहाचे पुढे दहा ते बारा तुकडे झाले.

हा तुकडा पाहिला की आश्चर्य वाटते. गन दाबली की खट्‌ असा आवाज होतो आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच सुई आत जाऊन बंद होते. तिच्या खाचेत शेवईच्या काडीसारखा, जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर लांबीचा धागा सापडतो. तो फॉर्मलिनच्या बाटलीत टाकतात आणि ग्रंथीच्या कोणत्या भागातला, हे बाटलीवर लिहितात. पुढे प्रयोगशाळेत तो मेणात बसवून त्याचा ब्लॉक होतो, ब्लॉकचे पातळ काप काचेच्या स्लाइडवर चढतात, आणि रुग्णाच्या पुढच्या आयुष्याचे बरेचसे निर्णय त्या काचेवर अवलंबून राहतात.

सोनोग्राफी आणि गन यांच्या जोडीला पीएसए ही रक्तचाचणी आली. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने तिला १९८६ मध्ये उपचारांवर लक्ष ठेवण्यासाठी आणि १९९४ मध्ये रोग शोधण्यासाठी मान्यता दिली. रक्तातला एक आकडा वाढला म्हणून लाखो पुरुष बायॉप्सीला सामोरे जाऊ लागले. शस्त्रक्रियागृहातली तपासणी बाह्यरुग्ण विभागात आली आणि दहा-पंधरा मिनिटांत होऊ लागली. सुरुवातीची अनेक वर्षे ती भूल न देताच केली जाई. प्रोस्टेटच्या बाजूच्या नसांपाशी इंजेक्शन देऊन वेदना कमी करण्याची पद्धत १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि नंतर ती सर्वत्र रूढ झाली. वेदनेकडे लक्ष जायला झालेला हा उशीर या इतिहासातली उणी बाजू आहे.

दुसरी उणी बाजू संसर्गाची. गुदाशयातून सुई घालण्यापूर्वी सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातली प्रतिजैविके देण्याचा प्रघात पडला आणि दोन दशके तो पुरला. मग जंतूच त्यांना दाद देईनासे झाले. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताची आकडेवारी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. बायॉप्सीनंतर तीस दिवसांत रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण १९९६ मध्ये १ टक्का होते, ते २००५ मध्ये ४.१ टक्क्यांवर गेले होते, आणि दाखल होण्याचे मुख्य कारण संसर्ग हे होते. २०१९ मध्ये युरोपीय महासंघाने या औषधांच्या वापरावर निर्बंध आणले. भारतात ही औषधे दुकानातून सहज घेतली जातात, त्यामुळे इथे प्रतिकारक जंतूंचा प्रश्न आणखी गंभीर आहे.

मग वैद्यक पुन्हा शिवणीच्या जुन्या वाटेकडे वळले. स्वच्छ केलेल्या त्वचेतून जाणारी सुई गुदाशयाच्या जंतूंना स्पर्श करत नाही. पूर्वी या वाटेसाठी पूर्ण भूल लागे. आता त्या जागेपुरती भूल देऊन ते काम होते. युरोपच्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये या वाटेला पहिली पसंती दिली. अमेरिकी संघटनेने २०२३ मध्ये दोन्ही वाटा मान्य ठेवल्या. ब्रिटनमध्ये १,१२६ पुरुषांवर झालेल्या आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत उपचार करण्याजोगा कर्करोग शिवणीच्या वाटेने ६० टक्के आणि गुदाशयाच्या वाटेने ५४ टक्के पुरुषांत सापडला. शिवणीच्या वाटेने वेदना मात्र जास्त झाली.

याच काळात एमआरआयने बायॉप्सीची जागाच बदलली. ब्रिटनमधल्या ५७६ पुरुषांच्या अभ्यासाने २०१७ मध्ये दाखवले की आधी एमआरआय केला तर सुमारे चौथा हिस्सा पुरुषांना बायॉप्सी टाळता येईल. २०१८ च्या ५०० पुरुषांच्या चाचणीत एमआरआयवर दिसलेल्या जागी सुई नेल्यावर गंभीर कर्करोग ३८ टक्क्यांत सापडला. जुन्या पद्धतीने तो २६ टक्क्यांतच सापडला होता. बायॉप्सीनंतर ग्रंथीत साठलेले रक्त काही आठवडे चित्र गढूळ करते, म्हणून एमआरआय आधी आणि सुई नंतर हा क्रम ठरला.

आजच्या तयारीच्या सूचना या सगळ्या अनुभवाचे सार आहेत. लघवीची तपासणी आधी होते, कारण लघवीत संसर्ग असताना सुई घालणे धोक्याचे असते. गेल्या काही महिन्यांत कोणती प्रतिजैविके घेतली, रुग्णालयात राहावे लागले का, मधुमेह आहे का, हे विचारले जाते. या उत्तरांवरून प्रतिकारक जंतूंचा अंदाज येतो. काही ठिकाणी गुदाशयातून नमुना घेऊन कोणते औषध चालेल ते आधीच तपासतात. गुदाशयाच्या वाटेने जायचे असेल तर पोव्हिडोन-आयोडिनने ती जागा धुतल्यास संसर्ग कमी होतो, हे सिद्ध झाले आहे. एनिमाने चित्र स्वच्छ दिसायला मदत होते. मात्र तेवढ्याने संसर्ग टळतो याला भक्कम आधार नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवावी लागते. कमी मात्रेतली अॅस्पिरिन अनेकदा चालू ठेवतात; वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल यांसारख्या गोळ्या थांबवायच्या की नाही हे हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच ठरते. त्या परस्पर बंद केल्या तर स्टेंट बसवलेल्या रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. बायॉप्सीनंतर लघवीत काही दिवस आणि वीर्यात काही आठवडे रक्त दिसणे अपेक्षित असते. थंडी वाजून ताप येणे किंवा लघवी अडणे मात्र अपेक्षित नाही. अशा वेळी त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे लागते.

बायॉप्सी कुठे करावी, या प्रश्नालाही महाराष्ट्रात इतिहास आहे. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले, आणि तिथल्या प्रयोगशाळेची घडी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी बसवली. भारतातल्या विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. सूक्ष्मदर्शकाखाली खात्री झाल्याशिवाय कर्करोग म्हणायचे नाही, ही शिस्त इथे तेव्हापासून रुजली. १९६३ मध्ये मुंबईत भारतातली पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली, तर १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला ग्रामीण भागातली पहिली. नोंदी साठत गेल्या तसे दिसून आले की पुण्यासारख्या मोठ्या शहरांत प्रोस्टेटचा कर्करोग पुरुषांमधल्या पहिल्या काही कर्करोगांत मोडतो. अॅडम्स यांना जो आजार दुर्मीळ वाटला होता, तो आता घरोघरच्या वडीलधाऱ्यांचा प्रश्न झाला आहे.

म्हणून रुग्णालय निवडताना नाव आणि अंतर यांपलीकडे काही प्रश्न विचारणे भाग आहे. बायॉप्सी कोणत्या वाटेने होणार आणि भूल कोणती? एमआरआय आधी होणार का, आणि तो वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टला प्रोस्टेटचा सराव आहे का? बायॉप्सीनंतर किती जणांना संसर्ग होतो, याची नोंद तिथे ठेवली जाते का? रात्री ताप आल्यास दाखल करून घेणारे कोणी आहे का? स्लाइड कोण पाहणार? आणि ब्लॉक व स्लाइड रुग्णाला परत मिळतील का? हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. पुढे मोठ्या केंद्रात गेल्यास तिथले विकृतिशास्त्रज्ञ त्याच स्लाइड पुन्हा पाहतात, आणि त्या हाती असतील तर पुन्हा सुई टोचून घ्यावी लागत नाही. लहान गावातले चांगले मूत्ररोगतज्ज्ञ या प्रश्नांची नीट उत्तरे देत असतील तर केवळ बायॉप्सीसाठी मुंबई-पुणे गाठायची गरज नाही. उत्तरे मिळत नसतील तर मात्र प्रवासाचा त्रास सोसलेला बरा, कारण ही तपासणी सहसा तातडीची नसते.

रिपोर्टमध्ये कर्करोग आला तरी प्रत्येक कर्करोगावर लगेच उपचार लागतातच असे नाही. ब्रिटनमधल्या १,६४३ पुरुषांची पंधरा वर्षांची माहिती २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केवळ नियमित देखरेख, या तिन्ही गटांत प्रोस्टेटच्या कर्करोगाने दगावलेल्यांचे प्रमाण सुमारे ३ टक्केच होते. त्यामुळे बहुतेक पुरुषांना एमआरआय करायला, औषधांची चौकशी करायला आणि रुग्णालय पारखून घ्यायला काही आठवडे हाताशी असतात. ते आठवडे घाबरण्यात न घालवता तयारीत घालवावेत.