तळटीप १७ : पर्थ ते कोग्गला

१७. 'दुसरी पहाट' : फेब्रुवारी १९४२मध्ये सिंगापूर जपानच्या हाती पडले आणि इंग्लंड-ऑस्ट्रेलिया हवाईमार्ग मधोमध तुटला. तो सांधण्यासाठी जुलै १९४३ ते जुलै १९४५ या काळात क्वांटास कंपनीची पाण्यावर उतरणारी कॅटालिना विमाने पर्थच्या स्वान नदीतून उडून सिलोनमध्ये (आजची श्रीलंका) गॉलजवळच्या कोग्गला तलावात उतरत. अंतर सुमारे ५,६०० किलोमीटर, खाली नुसता हिंदी महासागर, वाटेत थांबा नाही; वेळ २७ ते ३३ तास. एवढ्या वेळात सूर्य दोनदा उगवताना दिसे. लेखकाची 'दुसरी पहाट' ती हीच. इंधनाच्या जादा टाक्यांमुळे विमानात जेमतेम तीन प्रवासी आणि थोडे टपाल मावे. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून बिनतारी संदेश जवळजवळ बंद असत. दिशा ताऱ्यांवरून काढावी लागे. तरीही २७१ फेऱ्यांत एकही विमान गमावले नाही, हे आवर्जून नोंदवले पाहिजे. प्रवाशाला 'दुहेरी सूर्योदयाच्या गुप्त संघा'चे प्रमाणपत्र मिळे. २०१८पासून विमाने थेट पर्थ-लंडन हे सुमारे १४,५०० किलोमीटरचे अंतर साधारण १७ तासांत कापतात.