नांगराचा प्रवास : किर्लोस्करवाडी ते यशवंतपूर

पुण्याहून बंगळूरकडे येणारी आगगाडी सातारा, किर्लोस्करवाडी, सांगली, मिरज, बेळगाव, हुबळी, अरसीकेरे व तुमकूर ही स्थानके मागे टाकीत यशवंतपुरास येते. आमच्यापैकी कितीतरी कुटुंबे एका पत्र्याच्या ट्रंकेसह व वळकटीसह याच मार्गाने या नगरीत उतरली. परंतु या लोहमार्गावरून केवळ माणसेच आली असे नव्हे. मराठी यंत्रोद्योगाचा एक सबंध इतिहास याच स्थानकांवर थांबत थांबत इथवर आला आहे. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी प्रदर्शनाच्या निमित्ताने एक गंजलेला लोखंडी नांगर आमच्या हाती आला आणि त्याने हा इतिहास आम्हांस पुन्हा वाचावयास लावला. त्याचीच ही हकीकत.

हा नांगर आमच्या एका सभासदाच्या आजोबांचा. सातारा जिल्ह्यातील शेत भाऊबंदांत वाटले गेले, वाडा पडला, आणि उरल्यासुरल्या वस्तूंबरोबर नांगरही बंगळुरास आला. पुढे अनेक वर्षे तो बाल्कनीत कुंड्यांना टेकू देत उभा होता. घर बदलण्याची वेळ आली तेव्हा भंगारवाल्याने त्याला काट्यावर चढविले. त्याच सुमारास प्रदर्शनासाठी जुन्या वस्तू मागविणारे आमचे पत्रक त्या घरी पोहोचले, म्हणून तो वाचला.

या नांगराचे मोल कळण्यासाठी थोडे मागे जावयास हवे. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईस जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पण रंगांधत्वामुळे तो मार्ग खुंटला. मग व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यंत्रांचे आरेखन शिकून ते तेथेच शिक्षक झाले. १८८८ साली बेळगावात त्यांनी सायकलींचे दुकान काढले. तेथून ते कडबा कापण्याच्या यंत्राकडे आणि पुढे लोखंडी नांगराकडे वळले.

दख्खनच्या काळ्या जमिनीत तेव्हा अवजड लाकडी नांगर चाले. त्याला बैलांच्या अनेक जोड्या जुंपाव्या लागत. तो जमीन फाडी, पण उलथी करीत नसे. त्यामुळे हरळी आणि कुंदा यांची मुळे खोलवर तशीच राहत. लोखंडी नांगराचा वक्र पंखा मातीचा थर उचलून पालथा घाली आणि तणाची मुळे उन्हात आणी. गुण इतका उघड असूनही शेतकरी बिचकत होता. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत होती. पहिले सहा नांगर खपावयास दोन वर्षे लागली, असे परंपरेने सांगितले जाते.

त्यातच बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडावयास लावली. या संकटात औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आश्रय दिला, आणि १० मार्च १९१० रोजी कुंडल रोड स्थानकाजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या तोफा नांगरांसाठी ओतावयास दिल्या. तोफेचा नांगर होणे ही कविकल्पना नव्हे. आमच्या मुलखात ते प्रत्यक्ष घडले आहे.

असा हा नांगर आमच्यासमोर आला तेव्हा कार्यकारिणीत दोन पक्ष पडले. एकाचे म्हणणे असे की, तो रंगवून, हार घालून व्यासपीठाशेजारी ठेवावा. दुसऱ्याचे म्हणणे असे की, चालता येत नसेल तर तो नांगर कसला? वाद बराच रंगला. अखेर एका निवृत्त फिटर सभासदाने काम अंगावर घेतले. गंजून जाम झालेल्या बोल्टांना त्यांनी आठ दिवस घासलेटात मुरविले. हातोडा मात्र लागू दिला नाही, कारण जुने ओतीव लोखंड ठोक्याने तडकते. तारेच्या ब्रशाने गंज उतरला. झिजलेल्या फाळाच्या जागी लोहाराकडून नवा फाळ घडवून घेतला, कुजलेली मूठ बाभळीच्या लाकडाची केली. मग पहिल्या पक्षाच्या समाधानासाठी आम्ही एक मोठी चूक केली. सबंध नांगराला, त्याच्या पंख्यासह, तांबडा तैलरंग दिला!

नेलमंगलच्या पलीकडे एका कन्नड शेतकऱ्याने बैलजोडी आणि अर्धा एकर रान देऊ केले. मुलाबाळांसह आम्ही तेथे गेलो. बैल चालू लागले आणि दहा पावलांतच नांगर जमिनीत रुतून बसला. उपसून पुन्हा चालविला, तर पंख्यावर तांबड्या मातीचा लपका असा चिकटला की तास पडण्याऐवजी नुसती घसट उमटली. मुले हसली, आम्ही ओशाळलो.

तो शेतकरी मात्र हसला नाही. ‘नेगिलु’ एवढाच शब्द उच्चारून तो खाली बसला. साखळीचा आकडा त्याने एक छिद्र खाली घेतला. ओढ खालून लागली की नांगराचे नाक वर राहते आणि तो बेताने खोल जातो. मग पंख्यावर नख फिरवून त्याने रंगाकडे बोट दाखविले. आमचे फिटर तत्क्षणी उमजले. पंखा आरशासारखा गुळगुळीत असेल तरच माती त्यावरून घसरते. रंगाला ती धरून बसते. अमेरिकेत इलिनॉय प्रांतातील चिकट मातीसाठी जॉन डिअर या लोहाराने १८३७ साली घोटीव पोलादाचा पंखा केला, त्यातील मर्म हेच. दुपारभर आम्ही आळीपाळीने रंग खरवडला आणि वाळूने, पॉलिशपेपरने पंखा घासला. उन्हे कलताना नांगर पुन्हा जुंपला. या वेळी माती सळसळत पंख्यावरून चढली, वळली आणि पालथी पडली. सरळ तास पाहून आजोबांच्या नातवाचे डोळे भरून आले. तो म्हणाला, “आजोबांच्या हाताखाली हा कसा चालत होता, ते आज कळलं.”

शेजारच्या रानात त्या शेतकऱ्याचा मुलगा पॉवर टिलर चालवीत होता. बंगळूरच्या व्ही. एस. टी. कंपनीने जपानच्या मित्सुबिशीच्या सहकार्याने १९६७ पासून हे धंदे रुजविले. बैल गेले, इंजिन आले; पण दोन दांडे धरून मागून चालणारा माणूस तोच राहिला.

आणि यशवंतपूर? लक्ष्मणरावांचे चिरंजीव रवी किर्लोस्कर यांच्या नेतृत्वाखाली १९४६ साली बंगळुरात किर्लोस्कर इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली. यशवंतपुराला लागूनच, मल्लेश्वरमच्या पश्चिमेस तिचा कारखाना उभा राहिला. नांगरापासून निघालेले घराणे विजेच्या मोटारीपर्यंत आले ते आपल्या दाराशी. आज त्या जागी ब्रिगेड गेटवेच्या उत्तुंग इमारती आणि ओरायन मॉल आहे. तेथे खरेदीस जाणाऱ्या आपल्या मुलांना पायाखालच्या भूमीची ही ओळख नसते.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले. पाचच आठवड्यांनी, १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली आणि त्यांची जन्मभूमी व पहिली कर्मभूमी त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेली. सीमेचे दुःख आपण जाणतो, त्याची कटुताही जाणतो. परंतु गुर्लहोसूरला जन्मलेल्या माणसाने औंधच्या माळावर केलेला नांगर नेलमंगलच्या कन्नड शेतकऱ्याने आम्हांस चालवावयास शिकविला, हेही विसरून चालणार नाही.

प्रदर्शनात हा नांगर आपणांस दिसेल. पंख्याला रंग नाही, त्यावर नेलमंगलची तांबडी माती आम्ही मुद्दाम राहू दिली आहे. दरवर्षी पहिल्या पावसानंतर तो एकदा तरी रानात न्यावयाचा, असा ठराव कार्यकारिणीने एकमताने केला आहे. संस्कृतीचेही असेच आहे. नुसती रंगवून ठेवली तर ती गंजते. हाताळली, घासली, मातीत घातली, तरच तिच्यावर झळाळी राहते. मंडळाची पुढील पन्नास वर्षे अशाच वापराने उजळ राहोत, ही प्रार्थना.