गुरांच्या जंतांवरचं औषध चेहऱ्यावर कसं आलं?

रोझेशिया म्हणजे गाल-नाक सतत लाल आणि त्यावर बारीक पुटकुळ्या. युरोपात असा चेहरा दिसला की लोक सरळ 'दारुडा' म्हणून मोकळे व्हायचे. खरं तर थेंबभरही न घेणाऱ्यांना हा आजार होतो.

आता त्यावरच्या एका क्रीमचा प्रवास बघा. १९७० च्या दशकात सातोशी ओमुरा यांना जपानमधल्या कावानाच्या मातीत एक जिवाणू सापडला. त्यापासून अमेरिकेत मर्क कंपनीतल्या विल्यम कॅम्पबेल यांच्या गटाने आयव्हरमेक्टिन घडवलं. १९८१ मध्ये ते जनावरांच्या जंतांसाठी आलं. १९८७ पासून आफ्रिकेत माणसांची दृष्टी वाचवण्यासाठी फुकट वाटलं गेलं.

मग चेहऱ्याशी संबंध काय? आपल्या त्वचेत केसांच्या मुळाशी डेमोडेक्स नावाचे, कोळ्यांच्या गोतावळ्यातले सूक्ष्म जीव राहतात. रोझेशियात ते जास्त आढळतात. आयव्हरमेक्टिन त्यांना मारतं, शिवाय दाहही कमी करतं. २०१४ मध्ये अमेरिकेत त्याच्या १ टक्का क्रीमला मान्यता मिळाली. पुढच्याच वर्षी ओमुरा आणि कॅम्पबेल नोबेलचे मानकरी ठरले!

एवढं लक्षात ठेवा: या क्रीमचा गुण यायला काही आठवडे लागतात. दुकानातून परस्पर आणलेलं स्टिरॉइड क्रीम लाली चार दिवसांत घालवतं, पण बंद केलं की ती आणखी जोमाने उसळते. म्हणून आधी त्वचारोगतज्ज्ञांना चेहरा दाखवा.