परदेशात कमी कॅलरीची बिअर कशी ओळखायची? लेबलवर नेमकं काय पाहायचं?

परदेशी सुपरमार्केटमधल्या फ्रीजसमोर उभं राहिलं की डोळे फिरतात. पन्नास-साठ प्रकारचे कॅन, त्यावर लाइट, ड्राय, लो-कार्ब, झीरो, अल्ट्रा असे शब्द, आणि निम्मी लेबलं आपल्याला न येणाऱ्या भाषेत! वजन सांभाळणाऱ्याला किंवा शुगर असणाऱ्याला यातलं नेमकं काय घ्यावं, हा प्रश्न पडतोच. त्यात आपल्याकडच्या बहुतेक बाटल्यांवर कॅलरीचा आकडा दिसत नाही, त्यामुळे तो शोधायची सवयही नसते.

गंमत म्हणजे यातल्या अनेक शब्दांचा अर्थ देशागणिक बदलतो. म्हणून ब्रँडची नावं पाठ करण्यापेक्षा एक छोटं गणित समजून घेतलेलं बरं. ते जगात कुठेही चालतं.

बिअरमधल्या कॅलरी येतात कुठून?

बिअरमध्ये कॅलरी मुख्यतः दोनच गोष्टींतून येतात: अल्कोहोल आणि धान्यातून उरलेले कार्बोहायड्रेट्स. फॅट जवळपास नसतंच आणि प्रोटीन नावापुरतं असतं.

एक ग्रॅम अल्कोहोलमध्ये सुमारे ७ कॅलरी असतात, तर एक ग्रॅम कार्बमध्ये ४. म्हणजेच बहुतेक बिअरमध्ये कॅलरीचा मोठा वाटा साखरेचा नसून अल्कोहोलचा असतो. ही एक गोष्ट लक्षात ठेवली, तरी निम्मं काम होतं.

आता सोपी युक्ती. बिअर किती मिली आहे त्याला अल्कोहोलच्या टक्क्याने गुणा आणि १८ ने भागा. अल्कोहोलमधून येणाऱ्या कॅलरी मिळतील. उदाहरणार्थ ३३० मिलीची ५ टक्के बिअर घेतली, तर ३३० गुणिले ५ भागिले १८ म्हणजे साधारण ९२. नेहमीच्या बिअरमध्ये दर १०० मिलीमागे कार्बच्या १२ ते १५ कॅलरी असतात, त्या मिळवल्या की बेरीज होते १३० ते १४०. अल्कोहोलचा टक्का आणि बाटलीचं माप बहुतेक प्रत्येक लेबलवर असतंच, त्यामुळे भाषा येत नसली तरी हे गणित अडत नाही.

काळी बिअर जड असते का?

आपल्याकडे एक पक्का समज आहे, की काळीभोर, फेसाळ बिअर म्हणजे कॅलरीचा साठा. पण आयर्लंडची प्रसिद्ध काळी बिअर गिनेस ड्राफ्ट घ्या. तिच्यात अल्कोहोल असतं ४.२ टक्के आणि ३५५ मिलीमध्ये कॅलरी साधारण १२५. तेवढ्याच सोनेरी बडवायझरमध्ये मात्र १४५ च्या आसपास कॅलरी असतात, कारण तिथे अल्कोहोल ५ टक्के आहे. काळा रंग येतो भाजलेल्या धान्यामुळे. त्याचा कॅलरीशी थेट संबंध नाही.

उलट दिसायला हलकी, सोनेरी अशी बेल्जियमची ड्युव्हल ८.५ टक्क्यांची असते. तिची ३३० मिलीची एक छोटी बाटली २०० कॅलरींच्या आसपास जाते.

देश बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो

अमेरिका: इथे लाइट बिअर म्हणजे कमी कॅलरीची बिअर. १९७५ मध्ये मिलर लाइट देशभर विकायला आली आणि हा प्रकार तिथे रुजला. बिअर बनवताना जादा एन्झाइम वापरून धान्यातले न पचणारे कार्ब फोडले जातात, मग यीस्ट ते खाऊन टाकतं. ३५५ मिलीच्या कॅनमध्ये मिलर लाइट सुमारे ९६, मिकेलोब अल्ट्रा ९५, कूर्स लाइट १०२ आणि बड लाइट ११० कॅलरींची. पण या चारही बिअरमध्ये अल्कोहोल ४.२ टक्के असतं, म्हणजे गिनेसइतकंच! तिथे २० किंवा जास्त शाखा असलेल्या रेस्टॉरंट साखळ्यांना मेनूवर कॅलरी छापाव्या लागतात, तोही आकडा पाहून घ्या.

ऑस्ट्रेलिया: इथे लाइट बिअर मागितली, तर मिळते कमी अल्कोहोलची बिअर, साधारण अडीच टक्क्यांच्या आसपासची. साडेतीन टक्क्यांच्या बिअरला मिड-स्ट्रेंथ म्हणतात. लो-कार्ब हा तिसराच प्रकार आहे. त्यात कार्ब कमी असतात, पण अल्कोहोल बऱ्याचदा सव्वाचार-साडेचार टक्के असतं. त्यामुळे कॅलरी कमी हव्या असतील, तर लो-कार्बपेक्षा लाइट हाच शब्द जास्त कामाचा.

युरोपियन युनियन: इथे १.२ टक्क्यांपेक्षा जास्त अल्कोहोल असलेल्या पेयावर 'लो-कॅलरी' असं लिहायलाच परवानगी नाही. ऊर्जा कमी केली आहे असं लिहिता येतं, पण त्यासाठी ती किमान ३० टक्के कमी असावी लागते. बिअरवर कॅलरी छापणं सक्तीचं नाही, तरी बरेच उत्पादक स्वतःहून छापतात. हा आकडा १०० मिलीचा असतो, पूर्ण बाटलीचा नाही. शिवाय तो दोन एककांत असतो: मोठा आकडा किलोज्यूलचा, छोटा किलोकॅलरीचा. आपण रोज ज्याला कॅलरी म्हणतो ती म्हणजे हीच किलोकॅलरी. म्हणून छोटा आकडा घ्या आणि अर्ध्या लिटरसाठी त्याला ५ ने गुणा.

चेक प्रजासत्ताक: मेनूवर १०, ११, १२ असे अंश दिसतात. हे अल्कोहोलचे टक्के नव्हेत! बिअर आंबवण्याआधी त्या रसात धान्याचा किती अर्क होता, ते हा आकडा सांगतो. १० अंशाच्या बिअरमध्ये साधारण ४ टक्के अल्कोहोल असतं. मूळ अर्क जितका कमी, तितक्या कॅलरी कमी, त्यामुळे इथे १० अंशाची बिअर मागणं हा सर्वात सोपा उपाय. तिला स्थानिक भाषेत 'देसीत्का' म्हणतात.

जर्मनी: लेबलवर 'लाइश्तबिअर' दिसलं तर ती हलकी बिअर. 'अल्कोहोलफ्राय' म्हणजे अल्कोहोलमुक्त, पण त्यात अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल असू शकतं. 'राडलर' मात्र फसवतं. बिअरमध्ये लेमोनेड मिसळलेलं असल्याने अल्कोहोल निम्म्यावर येतं, पण साखर वाढते आणि कॅलरी नेहमीच्या बिअरच्या जवळपासच राहतात.

स्वीडन: सुपरमार्केटमध्ये जास्तीत जास्त साडेतीन टक्क्यांची बिअर मिळते. त्याहून कडक हवी असेल तर सरकारी दुकानात जावं लागतं. म्हणजे नेहमीच्या किराणा दुकानातली बिअर इथे आपोआपच हलकी असते.

ब्रिटन: १ ऑगस्ट २०२३ पासून साडेतीन टक्क्यांपेक्षा कमी अल्कोहोलच्या बिअरवर कमी कर लागतो, त्यामुळे ३.४ टक्क्यांच्या बऱ्याच बिअर बाजारात आहेत. इंग्लंडमधल्या मोठ्या हॉटेल साखळ्या पदार्थांच्या कॅलरी मेनूवर देतात, पण दारूला या नियमातून सूट आहे.

जपान: कॅनवर 'तोशित्सु झीरो' किंवा 'तोशित्सु ऑफ' असे शब्द दिसतात. तोशित्सु म्हणजे कार्ब. इथे झीरो म्हणजे १०० मिलीमध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी. पण कार्ब शून्य म्हणजे कॅलरी शून्य नव्हे, अल्कोहोलच्या कॅलरी राहतातच. मोबाइलचा कॅमेरा लेबलवर धरून भाषांतर केलं की आकडे समजतात.

ग्लासचं माप विसरू नका

हलकी बिअर शोधली आणि लिटरभर प्यायली, तर उपयोग काय? म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टमध्ये एक मग एक लिटरचा असतो आणि बिअर साधारण ६ टक्क्यांची. वरचं गणित केलं तर एका मगात पाचशेच्या आसपास कॅलरी निघतात. त्याच जर्मनीतल्या कोलोन शहरात कोल्श ही बिअर २०० मिलीच्या निमुळत्या ग्लासात मिळते, एका ग्लासला ८० च्या आसपास कॅलरी. फक्त तिथला वेटर ग्लास रिकामा दिसला की न विचारता दुसरा आणून ठेवतो. पुरे झालं असेल तर ग्लासवर कोस्टर ठेवायचा. ब्रिटनमध्ये पूर्ण पाईंट ५६८ मिलीचा असतो, अर्धा पाईंट मागितला तर कोणी नावं ठेवत नाही.

आणि चखणा? मूठभर खारे शेंगदाणे म्हणजे साधारण १७५ कॅलरी. बिअर बदलून वाचवलेल्या ४०-५० कॅलरी तिथेच भरून निघतात.

शुगर असेल तर हे नक्की वाचा

लो-कार्ब बिअर मधुमेहींसाठी सुरक्षित, असा समज धोक्याचा आहे. शरीरात अल्कोहोल असताना यकृत ते मोडण्यात गुंतलेलं असतं आणि रक्तात साखर सोडण्याचं त्याचं काम मंदावतं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या सुरू असतील, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते, कधीकधी काही तासांनी, झोपेतसुद्धा. प्रवासात जेवणाच्या वेळा चुकतात, दिवसभर चालणं होतं, म्हणजे धोका आणखी वाढतो.

सर्वात वाईट म्हणजे साखर उतरल्याची लक्षणं नशेसारखीच दिसतात: घाम, गरगरणं, बोलणं अडखळणं. सोबतचे लोक 'जरा जास्त झाली असेल, झोपू द्या' म्हणून सोडून देतात. म्हणून निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा, उपाशीपोटी पिऊ नका, आणि आपल्याला मधुमेह आहे हे सोबतच्या एकाला तरी सांगून ठेवा.

कमी कॅलरी म्हणजे कमी नशा नव्हे

९५ कॅलरींची बिअरही रक्तातलं अल्कोहोल वाढवतेच. चेक प्रजासत्ताकात गाडी चालवताना रक्तात अल्कोहोल अजिबात चालत नाही, आणि जपानमध्ये दारू पिऊन सायकल चालवणं हाही गुन्हा आहे. भाड्याची गाडी घेणार असाल, तर त्या दिवशी बिअर नकोच. जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे, की दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित मानता येत नाही. त्यामुळे जे पीत नाहीत त्यांनी 'हलकी आहे' म्हणून सुरुवात करायचं कारण नाही.

थोडक्यात, कॅनवरचा मोठा शब्द सोडा आणि बारीक अक्षरातले दोन आकडे वाचा: अल्कोहोल किती टक्के आणि माप किती मिली. टक्का चारच्या खाली आणि ग्लास लहान, एवढं पाळलं तर कुठल्याही देशात फसगत होणार नाही. परदेशवारीला निघालेल्या तुमच्या मित्रमंडळींना ही माहिती नक्की पाठवा!